पंगत उठेपर्यंत

नानासो खाण्यापेक्षा वाढण्याचा माणूस. कडेगावात कुणाचंही लग्न असो, आमटीची बादली आणि ओगराळं घेऊन हा पंगतीतून फिरायचा, आणि नको नको म्हणणाऱ्याच्या ताटात हमखास ओतायचा. मला त्याच्या या आग्रहाची चीड यायची. मी सांगलीचा, मोजकं खाणारा. पण कुपवाडच्या कारखान्यात आमचे लेथ शेजारी होते, आणि शहात्तर साली मालकांनी जपानी मशीन घ्यायचं ठरवलं तेव्हा ते शिकायला त्यांनी आम्हा दोघांनाच ओसाकाला धाडलं.

निघताना त्याची आई साळूबाई स्टँडवर आली होती. नानासो तिचा एकुलता एक.

"गंगाधरदादा, तुमी शिकल्यालं हायसा. माझं लेकरू आणून माझ्या हातात द्या, मग तुमच्या घरला जावा."

मी हो म्हटलं. त्यात काय मोठं, असं वाटलं मला.

शिकणं संपलं. दुसऱ्या दिवशीचं विमान होतं. संध्याकाळी नानासो म्हणाला, "गड्या, महिनाभर मशीनच बघितलं. जरा बाजार तरी बघू."

आम्ही दोतोंबोरीच्या बाजारात गेलो. मधून कालवा, आणि त्याच्या काळ्या पाण्यात लाल-निळ्या दिव्यांचे पट्टे. एका हॉटेलाच्या दारावर घराएवढा खोटा खेकडा विजेच्या मोटारीवर पाय हलवत होता. एक बाई बिडाच्या खळग्याखळग्यांच्या तव्यात ऑक्टोपसचे तुकडे घालून गोळे उलटत होती. "आईचं आप्पेपात्र हितं कुणी आणलं रं?" नानासोनं विचारलं आणि तोंड पोळेस्तोवर चार गोळे खाल्ले. सगळीकडे कोळशाचा धूर, भाजल्या माशांचा वास, आणि फुर्र फुर्र आवाज करत शेवया ओढणारी माणसं. आवाज करून खाणं तिथं चालतं. मला ते काही आवडलं नाही, पण कानाला त्याची सवय झाली होती.

म्हणूनच त्या बोळात शिरल्यावर मला पहिल्यांदा शांतता जाणवली. दोन दुकानांमधला, एका माणसापुरता बोळ. शेवटाला एक टपरी. आडवी लाकडी फळी, पलीकडे रश्श्याचं उकळतं भांडं, अलीकडे स्टुलांवर ओळीनं बसलेली माणसं. ती खात होती, पण आवाज कुणाचाच नव्हता. डोक्याला निळा पंचा बांधलेला काटकुळा मालक वाढत होता. उभ्या उभ्या त्याचे डोळे मिटत होते. ओळीतले बरेच वाडगे रिकामे होते आणि सगळे त्याच्याकडे सरकवलेले होते.

"एकटा हाय बिचारा," नानासो म्हणाला. "रिकामी भांडी बघवत न्हाईत मला."

आमच्याकडे जेवणावळीत वाढायला कुणाला सांगावं लागत नाही. हात मोकळा दिसला की माणूस बादली उचलतो. आणि एकदा उचलली की पंगत उठेपर्यंत खाली ठेवायची नाही, नाहीतर अन्नाचा अपमान. नानासोनं रीतीप्रमाणे वहाणा काढल्या, फळीखालून वाकून आत गेला आणि मालकाच्या हातातली पळी घेतली.

मालक त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं कमरेचं फडकं सोडून घडी घातली, बाहेर आला, नानासोच्या वहाणांत पाय घातले आणि मला कमरेत वाकून नमस्कार केला. बोळाच्या तोंडाशी तो पळाल्याचा आवाज मी ऐकला.

मला हसूच आलं. "घे आता, दुकान तुझ्या गळ्यात. चल, जाऊ."

"पंगत सोडून? एवढी वळ उठली की आलोच."

मी थांबलो. ओळीतला एक उठला. त्याच्या जागी दुसरा बसलेला होता. बोळातून कुणी आलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि बोळ तर माझ्या पाठीशी होता. आणखी एक उठला, ती जागाही भरली. नानासो वाढत होता. भांड्यातला रस्सा तेवढाच होता.

"नानासो, पळी ठेव."

"ठेवतो की," तो म्हणाला, आणि वाढत राहिला. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता.

मी त्याला ओढायला फळीखालून शिरायची वाट शोधली. फळी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग होती. खालीही लाकूडच होतं.

नानासोनंही ते पाहिलं.

"गंगाधर," तो हळूच म्हणाला, "ह्यास्नी उठीव की रं."

मी शेजारच्याचा खांदा धरून हलवला. ओल्या पोत्याला हात लावल्यासारखं वाटलं. त्यानं माझ्याकडे मान वळवली नाही. रिकामा वाडगा तेवढा पुढं सरकवला.

मी पळत जाऊन पोलीस आणला. दोन दुकानांमध्ये बोळ नव्हताच, सलग भिंत होती.

पुढं पंधरा दिवस दुभाषा घेऊन त्या भागात फिरलो. शेवटी मला एकट्याला विमानात बसवलं.

सांगलीला घरी न जाता मी थेट कडेगावला गेलो. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत होतो, जुळत नव्हतं. दुपारची वेळ. साळूबाई दारातच उभी होती.

"आत या. हळू बोला."

आत पाटावर, नानासोचा सदरा घालून, डोक्याला निळा पंचा बांधलेला तो टपरीवाला जेवत होता.

साळूबाई माझ्या कानाशी बोलली. "माझा न्हाई, कळतंय मला. पर पोरगं घावना असा कारखान्यातनं निरोप आला, त्याच रातीला ह्यो नानासोच्या वहाणा घालून आला. दारात हुबा राहून जेवायची खूण केली. पयल्या घासाला लय रडला. तवापास्नं जेवतोयच."

"काकू, याला पोलिसांत..."

"पोलीस न्हाई आणायचा. सारखा उठाय बघतोय. मी उठू देत न्हाई." तिचा आवाज जराही हलला नाही. "ह्यो गेला तर माझा कशाच्या बदल्यात यील?"

ती भांडं घेऊन त्याच्यासमोर बसली. त्यानं दोन्ही हात ताटावर आडवे धरले आणि माझ्याकडे पाहिलं. त्याचं पोट सदऱ्याच्या गुंड्या तोडून बाहेर आलं होतं. साळूबाईनं उकळती आमटी त्याच्या हातांवरूनच ओतली. त्यानं हात काढले नाहीत. थोड्या वेळानं कालवून खायला लागला.

"दादा," ती मागं न बघता म्हणाली, "तेवढी आतनं कडी लावा."

मी लावली.