थंड पंखाचा नाद

इसवी सन २०७६, फेब्रुवारीची चौदा तारीख, सकाळचे दहा. स्थळ, कोकण किनाऱ्यावरील व्योमबंदराचे चौकशी दालन. बासष्ट प्रवाशांसह समुद्रात कोसळलेल्या झेपयानाच्या चौकशीचा हा अखेरचा दिवस होता. वातावरणाबाहेर झेप घेऊन तासाभरात दुसऱ्या खंडात उतरणारी ही याने अकरा वर्षांत इतकी नित्याची झाली होती, की लोक त्यांतून लग्नाला जाऊन संध्याकाळी घरी परतत.

आरोप निवृत्ती भोईटे यांच्यावर होता. प्रत्येक उड्डाणानंतर पंखाची मुख्य तुळई पितळी हातोडीने ठोकायची आणि नादावरून तिची पारख करायची, हे त्यांचे काम. त्यांनी 'नाद स्वच्छ' असे लिहून सही केली, आणि दुसऱ्याच दिवशी पंख तुळईपाशीच तुटला. आरोप सिद्ध झाल्यास कारावास अटळ होता.

"भोईटे, ठोकलं होतंत, की नुसतीच सही?" न्यायमूर्ती सुलभा वर्दे यांनी विचारले.

"ठोकलं, बाई. माठ घेताना ठोकतो ना, तसं. चिरलेला माठ बद्द वाजतो. ही खणखणीत वाजली."

"मी घेतलेला प्रत्येक माठ खणखणीत वाजतो आणि घरी आल्यावर गळतो."

"मग बाजारात मला न्यायचं होतंत."

तेवढ्यात तुळईचे निर्माते डॉ. श्रीनिवास अभ्यंकर उठले. त्यांच्या हातात तुळईच्याच द्रव्याची वीतभर पट्टी होती; मागे एक लहान भट्टी आणि वजने.

"ही तुळई संमिश्राची आहे," ते म्हणाले. "कार्बनचे धागे, आणि त्यांना धरून ठेवणारी राळ. ताण धागे सोसतात. पण एका धाग्याचा ताण दुसऱ्याला वाटून देते ती राळ. हिला आम्ही सांधराळ म्हणतो, कारण यान उतरताना ती तापते, आणि मग निवताना स्वतःची भेग स्वतःच भरते."

"उत्तमच की."

"मलाही तसंच वाटलं. नुसत्या उष्णतेनं ती हरत नाही, नुसत्या भारानंही नाही. आम्ही एक तुकडा भट्टीत तपासला, दुसरा वजनाखाली. दोन्ही उत्तीर्ण झाले."

"एकाच तुकड्यावर दोन्ही?"

"भट्टी एका इमारतीत होती, भारयंत्र दुसऱ्या. एकत्र प्रयोग मी आजवर केलेला नाही. तो आता इथंच करतो."

भोईट्यांनी पट्टी ठोकली. ती खणखणीत वाजली. मग अभ्यंकरांनी वजन टांगून ती अडीचशे अंशांपर्यंत तापवली. आता ठोकल्यावर आवाज बद्द आला. वजन काढून पंख्याखाली निववली, तेव्हा ती पुन्हा नव्यासारखी वाजली. अभ्यंकरांनी यावेळी निम्मेच वजन टांगले आणि पुन्हा तापवली. पट्टी तुटली.

"भेग भरते," ते सावकाश म्हणाले. "धाग्यावरची पकड मात्र परत येत नाही. दर उड्डाणात ती थोडी सुटते, आणि थंड तुळई ते लपवते."

"तुम्हाला शंका कधी आली?"

अभ्यंकरांनी भोईट्यांकडे पाहण्याचे टाळले. "सहा वर्षांपूर्वी हे माझ्याकडे आले होते. म्हणाले, साहेब, गरम असताना ठोकली तर बद्द वाजते. मी झापलं. नियम थंड तुळईचा आहे, बोटं भाजून घ्यायचा पगार तुम्हाला मिळत नाही, असं म्हणालो. मग ती निवल्यावर स्वतः ठोकून पाहिली. खणखणीत वाजली. मला फार बरं वाटलं."

"त्या दिवशी चहाही पाजलात, साहेब," भोईटे हळूच म्हणाले.

दालनात कोणी हसले नाही.

"उरलेल्या एकेचाळीस यानांपैकी धड कोणती, हे ठोकून कळेल?" न्यायमूर्तींनी विचारले.

"नाही. तुळई तोडूनच कळेल."

"आणि आत्ता वर किती आहेत?"

"नऊ. उतरावं तर लागणारच, आणि उतरताना ती तापतील."

न्यायमूर्तींनी लेखणी खाली ठेवली.

"भोईटे निर्दोष आहेत. दोष डॉक्टर अभ्यंकरांचा आहे. जमिनीवरची याने जमिनीवरच राहतील. वरच्या नऊ यानांबद्दल या आयोगाला काहीही ठरवता येत नाही."