तिसऱ्या विलोखालची जागा

मासेमारीच्या दुकानाच्या दारातच रोवेनाची कागदी पिशवी फाटली आणि शिशाची वजनं फरशीवर घरंगळत सुटली. एक तरुण वाकून ती गोळा करू लागला.

"मासा धरायचाय की बोट बुडवायचीय?"

"बार्बेल मासा धरायचाय. पहिल्यांदाच..." ती ओशाळून म्हणाली. "सोळा जूनला मासेमारीची बंदी उठून नदी खुली झाली की."

"सेव्हर्नमध्ये? मग आणखी दोन वजनं घ्या. नदीची ओढ जबर आहे तिथे."

जेथ्रो त्याचं नाव. पुढच्या तीन संध्याकाळी दुकानाच्या मागच्या बाकावर तो तिला गाठी शिकवत बसला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. आमिष गळाला टोचायचंच नाही, गळाखाली केसाएवढ्या दोऱ्यात ओवायचं, हे तर तिच्या डोक्यावरून गेलं.

"गळ असा उघडाच ठेवायचा? माशाला कळणार नाही?"

"कळतं ना. पण तोवर उशीर झालेला असतो." तो तिच्याकडे बघून हसला आणि तिची गाठ पुन्हा चुकली.

हा सगळ्यांशीच असा हसतो, की फक्त माझ्याशी? तिला काही उमगेना. पंधरा तारखेला तो 'मीही येतो' म्हणेल, म्हणून ती उगाच रेंगाळली. त्याने मात्र घडी घातलेला कागद पुढे केला. नकाशा होता. रेल्वेपुलाच्या खालच्या अंगाला तिसरं विलोचं झाड आणि तिथे एक फुली.

"इथे बस."

"आणि तू?"

"मी... बसेन कुठेतरी."

म्हणजे कटवलंच की मला! तिला रडू यायला लागलं. गल्ल्यावर पार्टनबाईंनी तो कागद पाहिला आणि चष्मा वर केला.

"जेथ्रोनं दिला? अगं, हे गळ टाकणारे लोक सख्ख्या भावालासुद्धा आपली जागा सांगत नाहीत. नऊ वर्षं मी खोदून विचारतेय त्याला."

"मग तो स्वतः का येत नाही?"

"मला काय विचारतेस? मी आमिष विकते."

पहाटे नदीवर धुकं होतं. रोवेना विलोखाली बसली, तर वरच्या अंगाला, जिथे मासा फिरकतही नाही अशा उथळ दगडांत, जेथ्रो गळ टाकून बसलेला. तिचा गोंधळ आणखीच वाढला. इतक्यात तिच्या गळाची काठी कमानीसारखी वाकली, रीळ किंचाळलं.

"जेथ्रो, जाळी..."

तो धावत, ठेचकाळत आला. सोनेरी, मिशाळ मासा जाळीत आला. दोघांनी त्याला पाण्यातच, प्रवाहाकडे तोंड करून, पुन्हा तरतरी येईपर्यंत धरून ठेवलं. मग तो निसटून गेला. हात मात्र पाण्यात तसेच राहिले, एकमेकांना लागून.

"जागा दिलीस, मग बरोबर का नाही आलास?"

"तू विचारलं नाहीस. आपणहून आलो असतो तर... तुला वाटलं असतं, जागेच्या बदल्यात सोबत मागतोय."

"मला जागा नकोच होती, वेड्या. मला तू हवा होतास."

त्याने जाळी झटकून काठावर ठेवली. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

"इथे दोन खुर्च्या मावतील," तो म्हणाला, "पण काठ्या जवळ आल्या की दोर गुंततात."

"गुंतू देत."

तो आपली खुर्ची आणायला गेला.