पाळण्यांच्या खान्यातले भजन

बारशाच्या घरात, फुलांनी सजवलेल्या पाळण्याजवळ, अंत्ययात्रेचे भजन वाजले. ते तिथे आणले कोणी?

हे कोडे चांदेवाडीत पडले. चांदेवाडी ही चंद्राच्या दक्षिण टोकाजवळची माणसांची वस्ती. बाहेर हवा नाही, म्हणून सगळी घरे जमिनीखाली, बोगद्यांनी एकमेकांना जोडलेली. त्या दिवशी सत्यजित आणि पद्मजा यांच्या मुलीचे बारसे होते. वस्तीत जन्मलेले ते पहिलेच बाळ. सत्यजितची धाकटी बहीण निलांबरी अकरा वर्षांची होती, तरी नात्याने ती बाळाची आत्या. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. त्यामुळे निलू कितीतरी दिवस आरशासमोर उभी राहून "कुर्रर्र" म्हणायचा सराव करत होती.

गाण्यांचे कामही तिने हट्टाने मागून घेतले होते. तिच्या आजोबांनी आयुष्यभर जमवलेली हजारो गाणी घरच्या संगणकात पडून होती, पण सगळी एकाच ढिगात. आजोबा जाऊन बरीच वर्षे झाली होती आणि तो ढीग कोणी लावून ठेवला नव्हता. निलूने पाच खाने केले: पाळणे, भजने, लावण्या, पोवाडे आणि सिनेमाची गाणी. मग घरच्या चौकोनी यंत्रमानवाला, ठोकळ्याला, प्रत्येक प्रकारचे दोन-तीन नमुने ऐकवून बाकीचे काम त्याच्यावर सोपवले. ठोकळ्याने ते घटकाभरात उरकले. निलू खूश झाली. एकही खाना तिने उघडून पाहिला नाही.

पद्मजावहिनीने पाळण्याची दोरी ओढली. निलू ऐटीत म्हणाली, "ठोकळ्या, झोक्याला जुळेल असा पाळणा लाव."

आधी टाळांची बारीक किणकिण आली. मग एक पुरुष संथ सुरात भजन म्हणू लागला. त्याच्या मागे कोणी बाई हमसून हमसून रडत होती.

द्वारकाआत्याच्या हातून घुगऱ्यांची वाटी सुटली. चंद्रावर वस्तू सावकाश पडतात. ती वाटी जमिनीला टेकेपर्यंत खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे उतरले होते.

"बंद करा ते!" द्वारकाआत्या किंचाळली. ती निलूच्या वडिलांची बहीण. "बाबांना उचलायच्या आधी म्हटलेलं भजन आहे हे! आणि ती रडणारी मी आहे, मी!"

ठोकळ्याने आवाज बंद केला.

"आत्या, मी पाळणाच सांगितला होता गं."

"बारशाच्या घरात मयताचं भजन! नाव आता मी ठेवीन. हिच्या तोंडून बाळाच्या कानात पहिला शब्द जायला नको."

"अहो आत्या, पण मान तिचा आहे," पद्मजावहिनी हळूच म्हणाली.

"मान मिळाला की सांभाळताही यायला हवा."

निलूच्या डोळ्यांत पाणी आले. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली आजी उठली. आजी शास्त्रज्ञ होती. वस्तीला हवा पुरवणारे पंप बिघडायच्या आधीच त्यांच्या आवाजावरून बिघाड ओळखणारी यंत्रे तिने बनवली होती. ते भजन तिच्याच नवऱ्याच्या अंत्ययात्रेचे होते. तरी तिचा आवाज शांत होता.

"आई, तुला काहीच वाटलं नाही?" द्वारकाआत्याने विचारले.

"वाटलं तर! ते भजन तेव्हा मीच ह्यांच्या गाण्यांत ठेवलं होतं. पण भजन आपल्या पायांनी चालत पाळण्यांत गेलेलं नाही. कसं गेलं ते बघू, मग रागवायचं कोणावर ते ठरव." आजी यंत्रमानवाकडे वळली. "ठोकळ्या, हे गाणं पाळण्यांच्या खान्यात का ठेवलंस?"

"मला पाळण्याचे तीन नमुने दिले होते," ठोकळ्या म्हणाला. "त्यांवरून मी तीन खुणा शिकलो. लय (गाण्याचा वेग) संथ असते. वाद्ये कमी असतात. आणि कोणीतरी रडत असते."

"रडत?" निलू दचकली.

"तिन्ही नमुन्यांत रडणे होते. म्हणून रडणे ही पाळण्याची खूण."

"अरे ठोकळ्या! ती तर बाळं रडत होती!"

"त्यातलं एक मीच," सत्यजितदादा पुटपुटला.

आजीने निलूला जवळ घेतले. "याला वर्गीकरण (सारख्या वस्तू एकत्र लावणे) म्हणतात. यंत्राला गाणं समजत नाही. दिलेल्या नमुन्यांत पुन्हा पुन्हा काय येतं, तेवढंच ते टिपतं. तू त्याला शांत बाळाचा एकही पाळणा दिला नाहीस आणि संथ भजनही दिलं नाहीस. मग त्याची समजूत झाली, रडणं आलं की पाळणा. आणि खाने पाचच. 'मला सांगता येत नाही' असा खाना तू त्याला दिलाच नव्हतास. काहीही ऐकलं तरी त्याला पाचांतल्या एकात टाकावंच लागलं."

निलूने डोळे पुसले. "पण आजी, त्या खान्यात खरे पाळणेही खूप आहेत. नेमकं हेच का लागलं?"

"तूच बघ. तू त्याला काय म्हणालीस?"

निलू पाळण्याकडे पाहू लागली. पाळणा एका टोकाला गेला, तिथे रेंगाळला आणि अगदी सावकाश परत आला. पृथ्वीवरून येणाऱ्या चित्रफितींत पाळणे असे हलत नसत.

"झोक्याला जुळेल असा, म्हणाले मी!" ती ओरडली. "इथं झोका हळू आहे!"

"बरोबर. गुरुत्वाकर्षण (वस्तूला खाली ओढणारे बल) इथं पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढं. ओढ कमी, म्हणून पाळणा परत यायला जवळजवळ अडीचपट वेळ घेतो. एवढा संथ पाळणा पृथ्वीवर कोण म्हणेल? ठोकळ्यानं खान्यातलं सगळ्यात संथ गाणं शोधलं. ते हे निघालं."

मग सत्यजितदादाने भीतभीत विचारले, "बाकीच्या खान्यांत काय असेल?"

निलूने पोवाड्यांचा खाना उघडला. पहिला पोवाडा खणखणीत होता. दुसऱ्यात कोणीतरी खालून वर, वरून खाली, भयंकर घरघर करत होते. सगळे पुन्हा हादरले. बाळसुद्धा डोळे विस्फारून पाहू लागले.

"हे तर ह्यांचं घोरणं!" आजी म्हणाली. "मीच टिपून ठेवलं होतं. मी घोरतच नाही म्हणायचे ना!"

"आवाज पहाडी होता, चढउतारही होते," ठोकळ्या गंभीरपणे म्हणाला.

लोक हसले. द्वारकाआत्याच्याही ओठांच्या कडा हलल्या, पण तिने तोंड फिरवले.

निलू तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आत्या, माझं चुकलं. नमुने कमी दिले आणि तपासलं नाही. ते भजन पुसून टाकू का? म्हणजे पुन्हा कधीच वाजणार नाही."

द्वारकाआत्याला मघापेक्षा मोठा धक्का बसला. "पुसू नको! खबरदार! बाबांचं शेवटचं भजन ते... पुसायचं कसलं?"

"मग ठेवू कुठं? भजनांत ठेवलं तर उद्या कोणी सणाच्या दिवशी भजनं लावील आणि हेच वाजेल."

आत्याने आजीकडे पाहिले. आजीने आपल्या लुगड्याचा पदर पुढे केला.

"हे लुगडं कपाटात एकाच कप्प्यात मावतं. पण ते हिरवंही आहे, सुतीही आहे आणि बारशाला नेसलेलंही आहे. गाण्याला कप्पाच हवा असं कुठंय? त्याला टॅग (ओळखचिठ्ठी) लावता येतो, हव्या तेवढ्या चिठ्ठ्या. एक प्रकाराची, एक गाणाऱ्याची, एक प्रसंगाची. लय आणि वाद्यं ठोकळ्या ऐकून सांगेल. प्रसंग मात्र सुरात ऐकू येत नाही. तो तिथं असलेल्या माणसालाच ठाऊक."

निलू आत्याकडे वळली. मग म्हणाली, "आत्या, तू तिथं होतीस. मी नव्हते. तू सांगतेस का?"

द्वारकाआत्या खाली बसली. तिने पाळण्याच्या दोरीचे टोक बोटांभोवती गुंडाळले.

"लिही," ती अखेर म्हणाली. "प्रकार भजन. प्रसंग बाबांना निरोप. आणि शुभकार्यात वाजवू नये." मग तिने नाक पुसले. "बघतेस काय? ऊठ. बाळ ताटकळलंय. नाव कोण ठेवणार, शेजारीण?"

"मी?"

"मग काय मी? म्हातारी आत्या बघून घाबरायचं ते."

पाळणा हलू लागला. गाणे मात्र नव्हते. बायकांनी नेहमीचा पाळणा धरला, तर दुसऱ्याच ओळीला झोका मागे राहिला आणि गाणे पुढे पळाले. हसू उसळले. मग द्वारकाआत्याने एकटीने सूर लावला. एकेक अक्षर तिने झोका परत येईपर्यंत लांबवले. मधे श्वास पुरेना, तेव्हा पद्मजावहिनीने तो सूर उचलला आणि पुढे तिसरीने. असा पाळणा त्यांच्यापैकी कोणीच कधी ऐकला नव्हता. बाळाचे डोळे मिटू लागले.

निलू वाकली. "कुर्रर्र... वसुधा!"

वसुधा म्हणजे पृथ्वी. रिवाजाप्रमाणे बायकांनी नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत धपाटे घातले. पृथ्वीवर त्यांनी नुसती पाठ चुरचुरते. इथे निलू हवेत उचलली गेली आणि किंचाळत जाऊन सत्यजितदादाच्या अंगावर आदळली.

"हे गाणे मी टिपले आहे," ठोकळ्या म्हणाला. "माझ्या एकाही खान्यात बसत नाही. या वेळी मी ठरवत नाही, विचारतो. प्रकार काय लिहू?"

सगळ्यांनी निलूकडे पाहिले.

"चंद्रावरचा पाळणा," ती धापा टाकत म्हणाली. "नवा प्रकार. अजून पुष्कळ होतील."

"प्रसंग?"

निलूच्या आधी द्वारकाआत्याच बोलली. "लिही. माझ्या भाचीनं नाव ठेवलं."