भिंतीपलीकडचा सिग्नल

अँटेना हातात घेऊनच मी शेजारच्या प्रयोगशाळेत घुसले.

"तुमचं यंत्र आधी बंद करा!"

टेबलाखालून कुरळ्या केसांचं एक डोकं वर आलं. "माझं? अहो, मीच तुमच्याशी भांडायला निघालो होतो!"

घ्या! म्हणजे उलट मीच गुन्हेगार.

आम्ही दोघंही एकाच कंपनीत, एकाच कामावर — खोलीतल्या खोलीत, वायरशिवाय, व्हिडिओ झपाट्याने पाठवायचा. हवेतल्या गर्दीत सिग्नल टिकावा म्हणून तो एका फ्रिक्वेन्सीवर थांबत नाही. कोडमध्ये ठरलेल्या क्रमाने इकडून तिकडे उड्या मारत राहतो. दोघांचे कोड वेगळे असले की सहसा कुणी कुणाच्या अंगावर पडत नाही. आमचे सिग्नल मात्र सारखे आदळत होते. मी वर तक्रार केली होती. आमचे विभागप्रमुख — पाठीमागे सगळे त्यांना 'मामा' म्हणायचे — त्यांनी फर्मान काढलं होतं, "शुक्रवारी दोन्ही यंत्रं माझ्यासमोर एकदम चालवा. नाही जमलं, तर एकाची रवानगी नदीपलीकडच्या इमारतीत."

ती त्याचीच व्हावी, अशी माझी मनापासून इच्छा होती.

"तुमचा कोड दाखवा पाहू," तो म्हणाला.

मी दाखवला. त्याने स्वतःचा शेजारी ठेवला. आकड्याला आकडा... तंतोतंत तोच!

"हा तर चिपच्या माहितीपुस्तिकेतला नमुन्याचा कोड आहे," मी पुटपुटले.

"'नंतर बदलू' म्हणून ठेवलेला?"

"...हो. आणि तुम्ही?"

"मीही तेच!"

तो असा खळखळून हसला, की तावातावाने आलेली मी पोट धरून स्टुलावर बसले.

मग दोघांनी नवे कोड बसवायला घेतले. तो भिंतीवर टकटक करून विचारायचा, "आलं का?" मी ओरडायची, "आलं!" कधीकधी ती टकटक उगाचच असायची... मला कळायचं, तरी मी ओरडायचीच. शुक्रवार जवळ आला तशी मी नवा कोड पुन्हा पुन्हा तपासायला लागले. यंत्रं पुन्हा भांडली आणि हा खरंच नदीपलीकडे गेला तर?

शुक्रवारी दोन्ही यंत्रं पूर्ण जोरावर लावली. माझ्या पडद्यावर मामांच्या नातीचा नाच, त्याच्या पडद्यावर फुटबॉलचा सामना. आम्ही श्वास रोखून उभे. एकही चित्र अडखळलं नाही.

"वा!" मामा खूश झाले. "आता सक्ती नाही. पण तिकडची खोली ऐसपैस आहे हं, खिडकीतून नदी दिसते. कुणाला हवी असेल तर..."

"नको!" आम्ही दोघंही एकदम.

मामांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि गालातल्या गालात हसत निघून गेले.

"इतकी छान खोली सोडलीत..." तो वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला. "का?"

माझे कान तापले. पण लपवायचं तरी किती?

"तू इथे आहेस म्हणून."

'तुम्ही' कुठल्या कुठे पळालं होतं! त्याच्या हातातलं वायरचं भेंडोळं सुटून खाली पडलं.

"ऐकू नाही आलं?" मी कसंबसं विचारलं.

"आलं ना..." तो लाल होत म्हणाला. "पण परत सांग."

मी परत सांगितलं.