मेहकरावरून गेलेला दोरा

तुम्ही हसाल, पण विमानाचा हिशेब मी शिवणाच्या दोऱ्याने केला.

आमचे हे मेहकरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. मालकांबरोबर मुंबईला गेले होते. तिथून नागपूरच्या कोर्टात तातडीचं काम निघालं, म्हणून मालकांनी यांनाही विमानात बसवायचं ठरवलं. सोमवारी दुपारी दोनला निघणार, असं पत्र आलं.

"शेषराव पोचेपर्यंत केरसुणीले हात लावू नको," सासूबाईंनी बजावलं. गावाला गेलेलं माणूस पोचायच्या आत घर झाडू नये, झाडलं तर ते वाटेतच अडकतं, असं आमच्यात मानतात. एसटीचं ठीक, जालन्याला कधी पोचणार ते सगळ्यांना ठाऊक. विमानाचं कोण सांगणार?

मी पडले मॅट्रिक! शाळेतला नकाशा काढला, मुंबई ते नागपूर दोरा ताणला. सव्वाचारशे मैल. रेल्वेला रात्र पुरत नाही, विमानाला मात्र दोन तास खूप. आणि दोरा नेमका मेहकरावरून जात होता! म्हणजे तीनच्या सुमारास हे आमच्या कवेलूंच्या छपरावरून जाणार.

सोमवारी दुपारी सासूबाई अंगणात मान वर करून बसल्या. तीन वाजून गेले, आवाज नाही.

"बाळाच्या रडण्यात विरला असेल, आत्याबाई."

"इमान हाय का मच्छर, विरून जाले?"

चार वाजले. हिशेबाने हे उतरलेले होते. बाळ माजघरात रांगत केरातलं काहीबाही तोंडात घालत होतं. मी केरसुणी उचलली.

"अवं, काऊन घाई करतं?"

"पोचले ते," मी म्हणाले. शिकलेल्या बाईच्या आवाजात.

केर उंबऱ्यापाशी आला आणि वर घरघर सुरू झाली. मी बाहेर डोकावले. आभाळ स्वच्छ, विमान कुठेच नाही. आवाज घरावर आला... आणि पुढे सरकेना. माझी केरसुणी थांबली. आवाजही थांबला.

दुसऱ्या दिवशी तार आली, सुखरूप पोचलो. आठवड्याने हे आले. सासूबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मी यांना दोऱ्याचा हिशेब सांगितला आणि केव्हाचं मनात होतं ते विचारलं.

"किती वाजता उतरलात?"

"चारच्या आत. बरोबर होता तुझा दोरा."

"मेहकर दिसलं?"

"दिसलं ना. तू माजघरात झाडून राह्यली होती."

मी हसले. चहा ओतताना हात थांबला. मी झाडायला घेतलं तेव्हा चार वाजून गेले होते. आणि माजघरावर कवेलू आहेत.

काल सकाळी हे उंबऱ्यात बसले होते, बाळ मांडीवर. मी झाडू लागले, तशी वर घरघर सुरू झाली.

"ऐकू येतं का हो?"

"काय?"

बाळाने मात्र मान वर केली. यांच्याच मांडीवरून आभाळाकडे हात हलवत खुदकन हसलं.

"बाबा..."