क्लासातला हेमचंद्र

अंबरनाथच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात पगाराचा आणि स्टॉकचा प्रोग्राम मीच लिहिलेला, डॉसवर, म्हणजे त्या जुन्या काळ्या स्क्रीनवर. मला विचारायची कुणाची टाप नव्हती. सत्त्याण्णव साली मोठ्या साहेबांनी विंडोजवाले कॉम्प्युटर आणले आणि म्हणाले, "शरदचंद्र, दिवाळीपर्यंत सगळं यावर आणा. नाही जमलं तर बाहेरचा माणूस बघू." मी मारे हो म्हणालो. खरं तर तो मेला माऊससुद्धा माझ्या हातात धड राहत नव्हता.

शिवमंदिराजवळच्या कॉम्प्युटर क्लासला आमच्याच ऑफिसची पोरं जायची, म्हणून मी उल्हासनगर गाठलं. जीन्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर चंदर नावाच्या सिंधी तरुणाचा क्लास होता. आजूबाजूला माझ्या मुलीच्या, मीनलच्या वयाची मुलं. चंदरने नाव विचारलं. इथली बातमी ऑफिसात पोचली तर? मी हेमचंद्र सांगून टाकलं. असा कुणी माझ्या ओळखीत नव्हता.

काही डोक्यात शिरेना. पूर्वी प्रोग्राम वरून खाली चालायचा, मी सांगेन तसा. इथे कोण कुठलं बटण दाबेल त्याचा नेम नाही. मी चुकलो की मुलं हसायची नाहीत, खाली बघायची. ते जास्त लागायचं.

एका संध्याकाळी चंदर म्हणाला, "अंकल, कल तो आपने कमाल कर दिया."

काल मी आलोच नव्हतो, बदलापूरला लग्नाला होतो. तसं सांगणार होतो, पण स्क्रीनवर पगाराचा अख्खा प्रोग्राम तयार दिसला. आत उघडून पाहिलं. मोजणी जिथे ठेवतात त्या जागेला नाव दिलं होतं मीनल. ही माझी जुनी खोड, घरीसुद्धा कुणाला ठाऊक नसलेली. खुर्ची अजून उबदार होती.

तरी फ्लॉपीवर घेतला आणि सकाळी साहेबांना दाखवला, माझा म्हणून. त्यांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. शरमेने मी एवढासा झालो.

मग तेच होत गेलं. साहेब बदल सांगायचे, मी उद्या म्हणायचो, आणि उल्हासनगरला तो करून ठेवलेला असायचा.

ऑफिसातल्या चहावाल्या जनाबाई एकदा म्हणाल्या, मघाशी पोरांना किती छान शिकवलंत. मघाशी मी डबा खात होतो. घरी बायको, मालिनी, म्हणाली, काल लवकर आलात, मीनलशी गप्पा मारल्यात, बरं वाटलं. काल मी क्लासात होतो. विचारलं असतं, पण मग सगळंच सांगावं लागलं असतं.

दिवाळीच्या तोंडावर गेटवर वॉचमन महिपतीने मला अडवलं. रोज सलाम करणारा माणूस.

"कुणाकडे जायचंय?"

"अरे, मी शरदचंद्र."

"शरदचंद्र साहेब केव्हाच आत गेले."

त्याच्या मागे ऑफिसची खिडकी दिसत होती. पोरं एका खुर्चीभोवती गोळा झाली होती. खुर्चीतला माणूस माझ्याकडे पाठ करून बसला होता, माझ्या चौकडीच्या शर्टात.

आत घुसून ओरडायला हवं होतं. पण मग प्रोग्राम करून दाखव म्हणाले असते.

"नाव काय तुमचं?"

माझी मान खाली गेली. "हेमचंद्र."

महिपतीने बाकाकडे बोट दाखवलं. "बसा. साहेबांनी सांगून ठेवलंय. हेमचंद्र म्हणून एक जण येतील, शिकायचंय त्यांना. कुणी हसू नका म्हणाले."