सगुणा उठवते

शहाण्णव साली मी पेण-रोह्याच्या गावांत श्वासाच्या पाहणीचं काम करत होते. मतदार यादीतून नावं काढायची, माणसाला नळीत फुंकायला लावायचं आणि ज्याची छाती वाजते त्याच्या उशाशी रात्रभर चालणारं टेपयंत्र ठेवायचं. झोपेत श्वास किती वेळा थांबला ते दुसऱ्या दिवशी ऐकून मोजायचं. नुसतं मोजायचंच. औषधाचं विचारलं की आमचे डॉक्टर म्हणायचे, "नाओमी, आपण पाहणीला आलोय, दवाखाना काढायला नाही." त्या वाक्याचा मला अजून संताप येतो.

कासूला कमळाकरकाका एकटे राहायचे. तीस वर्षं वीटभट्टीचा धूर खाल्लेला माणूस; घरालाही राखेचा वास. त्यांच्या टेपवर श्वास थांबायचा, मी वीस-पंचवीस आकडे मोजायची, मग बांगड्या वाजायच्या आणि ते धापकन हवा ओढायचे. रात्रभर तेच.

"काका, रात्री कोण होतं हो?"

"सगुणा उठवते," ते सहज म्हणाले.

सगुणा त्यांची बायको. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. भिंतीवर हार घातलेला फोटो होता.

डॉक्टर टेप ऐकून माझ्यावरच उखडले. "शेजारीण असेल कुणीतरी. झोपलेल्याला उठवलं की नोंद फुकट. पुन्हा कर."

संध्याकाळी मी धुसफुसत परत कासूला गेले. काका अंथरुणावर टेकले, मी बटण दाबलं आणि रागाच्या भरात फोटोकडे वळून म्हणाले, "सगुणाबाई, आजची रात्र यांना उठवू नका. साहेबांना नोंद पाहिजे." काका खोकत खोकत हसले.

सकाळी दार नुसतं लोटलेलं होतं. काका कुशीवर पडलेले... थंडगार.

"अरेरे," डॉक्टर म्हणाले. "नोंद तरी नीट झाली ना?"

मी टेप दिली नाही. नोकरी त्यांच्या तोंडावर फेकली आणि घरी येऊन दार लावून बसले. राग त्यांच्यावर होता, त्याहून जास्त स्वतःवर. काकांचा शेवटचा श्वास ऐकायचा धीर होईना, म्हणून फक्त सुरुवात लावली. माझा आवाज आला. काकांचं हसू आलं. आणि लगेच, मी अजून त्या खोलीतच उभी असताना... यंत्राच्या अगदी जवळून, एका बाईचा दमलेला आवाज.

"बरं गो बाय... नाय उठवत."